घोट्याकडे बघा

दिवाळीच्या सुट्टीत लेकीनं हॉलच्या फरशीवर रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावली. दोन समांतर रेघा, मध्ये बरोबर १० सेंटिमीटर. लांबी ५ मीटर हवी होती, म्हणून रेघा हॉल संपून स्वयंपाकघरात थेट ओट्यापर्यंत गेल्या. मग आठवडाभर घरातलं प्रत्येक माणूस त्यांच्यामधूनच चालत होतं. दूध बघायला जाताना मी, पेपर आणायला जाताना माझे वडील, म्हणजे अप्पा. कुणाचाही तोल गेला नाही. १० सेंटिमीटर म्हणजे अंगठ्यासकट माझ्या पंजाची रुंदी. पाऊल त्यात सहज मावतं. यात अवघड काय आहे, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, ही पट्टी जमिनीवर आहे."

ती पट्टी म्हणजे जिम्नॅस्टिक्समधल्या बॅलन्स बीमची प्रतिकृती होती. खरा बीम ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. आमच्या जेवणाच्या टेबलाच्याही दीडपट वर. जानेवारीत जिल्ह्याची स्पर्धा झाली, लेकीची पहिलीच, आणि त्या दिवशी मी तिला त्या उंचीवर पहिल्यांदा पाहिलं. क्लासमध्ये पालकांना दाराबाहेर बसावं लागतं. तीन वर्षं मी दारातून फक्त आवाज ऐकत आले होते.

आधी त्या स्पर्धेच्या हॉलबद्दल सांगते. आत शिरल्या शिरल्या लक्षात येते ती पांढरी धूळ. मुली एका परातीएवढ्या भांड्यात हात घालतात, चोळतात, टाळी वाजवतात, आणि उन्हाच्या कवडशात ढग उठतो. ती पावडर म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, घाम शोषून घेणारी. घाम इथं उकाड्यामुळे येत नाही. आपल्या अंगावरच्या बहुतेक घामाच्या ग्रंथी उष्णतेला दाद देतात, पण तळहात आणि तळपायांच्या ग्रंथी प्रामुख्यानं मनाला दाद देतात. म्हणून परीक्षेच्या हॉलमध्ये थंडीतही पेन निसटतं. थोडासा ओलावा पकड घट्ट करतो. जास्त झाला की हात सटकतो. लेकीचा नंबर पुकारला गेला तेव्हा माझेही तळहात ओले झाले. तिच्याकडे पावडर होती, मी ओढणीला हात पुसले. तीस मीटर अंतरावरच्या दोन शरीरांत एकाच वेळी तीच ग्रंथी तेच काम करत होती, हे कळायला मला नंतर वाचावं लागलं. त्या क्षणी मात्र ते जाणवलं होतं.

मुलींच्या जिम्नॅस्टिक्समध्ये चार प्रकार असतात: व्हॉल्ट, वर-खाली लावलेल्या दोन दांड्या, बीम आणि फ्लोअर. मुलांना सहा. आमचा गट व्हॉल्टपासून सुरू झाला.

व्हॉल्ट डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच संपतो. धाव, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय, टेबलावर हात, हवेत शरीर, गादीवर पाय. बोर्डवरून उठल्यापासून उतरेपर्यंत दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. आता एक हिशेब करा. डोळ्यांनी काहीतरी पाहिलं आणि त्यावर हातानं हालचाल केली, यात माणसाचा साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे टेबल जवळ आलं, ते असं दिसतंय, आता हात असा ठेवू, हा विचार करायला तिथं वेळच नसतो. हात आधीच निघालेला असतो. टेबल कुठं असेल याचा अंदाज लहान मेंदूनं धाव सुरू होण्याआधी बांधलेला असतो. डोळे फक्त त्यात शेवटची बारीक दुरुस्ती करतात. हजारो वेळा केलेल्या सरावातून एक अदृश्य टेबल मेंदूत तयार झालेलं असतं, आणि मुलगी उडी मारते ती त्या टेबलावर. हॉलमधलं खरं टेबल त्याच जागी असेल यावर तिचा विश्वास असतो.

हा विश्वास किती काटेकोर असतो ते जगानं सप्टेंबर २००० मध्ये सिडनीत पाहिलं. ऑलिंपिकमधली महिलांची वैयक्तिक सर्वसाधारण अंतिम फेरी चालू होती. एकामागून एक जगातल्या उत्तमोत्तम मुली व्हॉल्टवर चुकू लागल्या. रशियाची स्वेतलाना खोर्किना, जिच्याकडे सुवर्णपदकाची दावेदार म्हणून पाहिलं जात होतं, ती गुडघ्यांवर आली. कुणाला काही कळेना. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटर या खेळाडूनं सांगितलं की साधन खाली वाटतंय. मोजून पाहिलं तर १२५ च्या जागी १२० सेंटिमीटर. फक्त ५ सेंटिमीटरांचा फरक. काडेपेटीच्या लांबीएवढा. आपल्याला ती चूक शेजारी उभं राहूनही दिसली नसती. त्या मुलींच्या मेंदूतलं साधन बरोबर उंचीवर होतं, आणि हात तिथंच गेले. ज्यांनी आधी उड्या मारल्या होत्या त्यांना पुन्हा संधी देऊ केली गेली, पण खोर्किना तोवर दांड्यांवरूनही पडली होती.

ही गोष्ट मला लेकीच्या सरांनी स्पर्धेच्या आदल्या दिवशी सांगितली, आणि मग त्यांनी स्वतः टेप काढून आमच्या स्पर्धेच्या हॉलमधलं टेबल मोजलं. लेकीचा व्हॉल्ट ठीक झाला. उतरताना एक पाऊल पुढे पडलं. दांड्यांवर तिचा संच छोटा होता आणि तो मी जवळजवळ पूर्ण वेळ डोळे मिटून पाहिला, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मग बीम.

बीमवर काय चाललेलं असतं ते समजण्यासाठी घरातला लांब दांड्याचा झाडू घ्या आणि तळहातावर उभा करा. हात हलवत राहिलात तर थोड्या प्रयत्नानं तो उभा राहतो. आता पेन्सिल उभी करून पाहा. राहणार नाही. लांब काठी सावकाश कलते, हाताला तिच्याखाली सरकायला वेळ मिळतो. आखूड काठी क्षणात आडवी होते. उभं माणूस हीच एक काठी आहे. तळहाताच्या जागी त्याचा घोटा असतो. आणि अकरा वर्षांची मुलगी म्हणजे मोठ्यांच्या मानानं पेन्सिल. ती लवकर कलते, तिला लवकर सावरावं लागतं. याची भरपाई तिला हवेत मिळते, कारण लहान शरीर कमी श्रमात भराभर फिरतं. जिम्नॅस्टिक्समध्ये बुटकेपणाचा फायदा होतो असं म्हणतात ते गिरकीपुरतं खरं आहे. तोलाच्या बाबतीत छोटी मुलगी उंच मुलीपेक्षा जास्त घाईत असते.

आपण स्थिर उभे आहोत असं आपल्याला फक्त वाटतं. अनवाणी एका पायावर उभे राहा आणि घोट्याकडे बघा. कातडीखाली शिरा-दोऱ्या सारख्या ताणल्या-सुटताना दिसतील. शरीर पुढे झुकतं, पोटरी ओढून घेते. मागे जातं, पोटरी सैल सोडते. हे जन्मभर चालू असतं, बसची वाट बघतानाही आणि आरतीला उभं असतानाही. फक्त जमिनीवर चूक करायला जागा भरपूर असते म्हणून ते लक्षात येत नाही. आता त्याच एका पायावर डोळे मिटा. बहुतेकांचा दुसरा पाय काही सेकंदांत टेकतो. तोलाची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते, डोळ्यांकडून, स्नायू-सांध्यांकडून आणि कानाच्या आतून. तुम्ही नुकताच त्यातला एक बातमीदार घरी पाठवलात.

कानातला बातमीदार तर विलक्षण आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी साधारण काटकोनात, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन भेटतात तशा. त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की नळी फिरते, पण द्रव जागच्या जागी रेंगाळतो आणि नळीतला एक मऊ पडदा वाकतो. वाकण्याची दिशा म्हणजे फिरण्याची दिशा. फुगडी घालून थांबल्यावर घर फिरत राहतं ना? तोवर द्रवानं वेग पकडलेला असतो. आपण थांबतो, तो थांबत नाही, आणि पडदा उलटा वाकतो. डोळे सांगतात भिंत उभी आहे, कान सांगतो तू फिरतेयस. मंगळागौरीला तीन-चार फुगड्या सलग घालणाऱ्या बायका ज्या सहजतेनं लगेच पुढच्या खेळाला लागतात, त्यात सरावानं मेंदू कानाची ती खोटी बातमी बाजूला ठेवायला शिकलेला असतो. या नळ्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. ते वजनानं सरकतात आणि खाली कुठं आहे ते सांगतात. लेक बीमवर डोकं खाली आणि पाय वर करून कोलांटी घेत होती तेव्हा तिच्या डोक्यातले ते खडे किंचित सरकत होते, आणि त्या एवढ्याशा हालचालीवर तिचा सगळा भरवसा होता.

तिनं सुरुवात छान केली. उडी मारून चढली, दोन पावलं, एका पायावर अर्धी गिरकी. गिरकीच्या शेवटी ती डगमगली. कंबरेतून एका बाजूला वाकली, दोन्ही हात पाणचक्कीसारखे फिरले. माझ्या शेजारच्या बाईंनी "गेली" म्हटलं. ती गेली नाही. हे जे डगमगणं असतं त्याचा अर्थ मला त्या दिवसापर्यंत उलटाच कळला होता. बीमवर पाऊल लांबीच्या दिशेनं ठेवलेलं असतं, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला घोट्याला सावरायला पावलाच्या रुंदीएवढीच जागा मिळते. ती संपली की काम कंबर आणि हात आपल्याकडे घेतात. हात एका दिशेनं जोरात फिरवले की बाकीच्या शरीराला उलट दिशेचा हिसका मिळतो, आणि पडू पाहणारं धड परत मध्यावर येतं. दोरीवर चालणाऱ्या मुलीच्या हातातली लांब आडवी काठी याच कामासाठी असते. म्हणजे जे बघून आपण दचकतो ते तोल जाण्याचं दृश्य नसून तोल सावरण्याचं असतं. खरोखर तोल गेलेलं शरीर डगमगत नाही, ते सरळ खाली जातं.

पंचांना मात्र डगमगणं दिसता कामा नये. लहान चुकीला ०.१, मधल्याला ०.३, मोठ्याला ०.५ गुण कापतात. बीमवरची थोर खेळाडू म्हणजे तीच जिचं सगळं सावरणं घोट्यात उरकतं आणि वर कंबरेपर्यंत पोचतच नाही. लांबून ती पुतळ्यासारखी दिसते. जवळून पाहिलं तर तिचं पाऊल सतत हलत असतं.

लेकीची हातावरची कोलांटी, म्हणजे कार्टव्हील, पुढे होती. हात बरोबर पडले, पहिला पाय बरोबर आला, दुसरा पाय बीमच्या कडेवर अर्धा आला आणि ती सरळ खाली गेली.

हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही. गादीचा आवाज तेवढा झाला. मी उठून उभी राहिले होते. अप्पा बसूनच म्हणाले, "गुडघे सोडले तिनं. शिकवलंय नीट."

अप्पांनी लहानपणी मिरजेत तालमीत मल्लखांब केला आहे. त्यांचे वस्ताद नव्या पोराला खांबावर चढायला शिकवण्याआधी उतरायला शिकवायचे, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं, पण त्यामागचं गणित मला त्या दिवशी कळलं. बीमखालच्या गादीची जाडी वजा केली तर मुलगी साधारण १ मीटर पडते. त्याला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, आणि टेकताना वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे दमात मारलेल्या सायकलीइतका. आता सगळा प्रश्न इतकाच, की हा वेग किती अंतरात शून्य करायचा. पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरांत थांबली, तर १०० भागिले ५, म्हणजे शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी २० पट हिसका. गुडघे आणि कंबर सोडून, गादीची मदत घेऊन ४० सेंटिमीटरांत थांबली, तर १०० भागिले ४०, फक्त अडीच पट. उंची तीच, वेग तोच, मुलगी तीच. अंतर तेवढं आठपट वाढलं आणि हिसका आठपट कमी झाला. पडणं थांबवता येत नाही, ते लांबवता येतं. तीन वर्षं मी दाराबाहेरून जे धप्प धप्प ऐकत होते त्यातले पहिले सहा महिने या मुली फक्त पडत होत्या, हे सरांनी नंतर सांगितलं.

मल्लखांब आणि हा खेळ यांच्यात अप्पांना पुष्कळ साम्य दिसतं, आणि एक फरक त्यांना फार आवडतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिलं त्यात खांब सागवानी किंवा शिसवी असतो, वर बोंड, त्याखाली मान, त्याखाली अंग, आणि त्याला एरंडेल चोळतात. इथं मुली हात कोरडे करायला पावडर लावतात, तिथं खांब गुळगुळीत करायला तेल. दोन्हीकडे शोध एकाचाच, घर्षण नेमकं किती हवं याचा. खांबाला पायांची अढी घालून अंग गोल फिरायचं असतं, तिथं कातडी सोलवटू नये म्हणून ते तेल.

पडल्यावर पुन्हा चढायला १० सेकंद मिळतात. पडण्याचा पूर्ण १ गुण गेलेला असतो, तो परत येत नाही. लेक गादीवर उभी राहिली, पावडरच्या भांड्याकडे गेली, हात चोळले, परत आली. हे सगळं तिनं घाई न करता केलं. सातव्या सेकंदाला ती वर होती. तिनं राहिलेला संच पहिल्यापासून ठरल्याप्रमाणे केला, उडी, पाय जुळवणं, बीमच्या टोकावरून उतरणं. एकूण वेळ दीड मिनिटाच्या आत असावा लागतो, ८० सेकंदांना इशाऱ्याची घंटा होते. तिची घंटा झाली तेव्हा ती टोकावर हात वर करून उभी होती. उतरली, दोन्ही पाय टेकले, एकदा डगमगली, थांबली. अप्पा म्हणाले, "सावरली." मला त्या शब्दाचा अर्थ चाळीस वर्षं माहीत होता असं वाटत होतं.

फ्लोअर हा शेवटचा प्रकार. १२ मीटर बाय १२ मीटरचा चौरस, वर गालिचा. त्याच्याखाली फोम, त्याखाली प्लायवूडच्या फळ्या, आणि त्यांच्याखाली स्प्रिंगा. जमीन दिसणारी ही गोष्ट मुळात एका प्रचंड ताणलेल्या खाटेचा पृष्ठभाग आहे. उतरताना ती दबते आणि वर आलेली मुलगी पुढच्या उडीला ती ऊर्जा परत घेऊन निघते. मुलींच्या फ्लोअरला संगीत असतं, पण त्यात शब्द चालत नाहीत. लेकीनं निवडलेल्या तुकड्यात ढोलकी होती.

तिच्या गटानंतर मोठ्या मुलींचा गट होता, त्यांतल्या एकीनं मागे उलटी उडी घेत हवेत पूर्ण पीळ घातला. हे दृश्य पडद्यावर कितीही वेळा पाहिलेलं असलं तरी समोर पाहताना पोटात काहीतरी होतं. याचं कारण आहे. पाय जमिनीवरून सुटला की मुलीच्या शरीराचा मध्य जो मार्ग घेणार तो ठरून गेला. भिरकावलेल्या दगडासारखाच तो वळत खाली येणार, हवेत कितीही हातपाय मारले तरी एक सेंटिमीटर बदलणार नाही. एकूण फिरण्याचा साठाही सुटतानाच ठरतो. तिच्या हातात उरतो तो फक्त शरीराचा आकार. गोळा झाली की भराभर फिरते, लांब झाली की सावकाश. आणि पीळ? हवेत धरायला काही नसताना शरीर नवीन दिशेला वळतं कसं?

हा प्रश्न मांजरीनं सोडवला आहे. १८९४ साली पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञानं उलटी सोडलेली मांजर पडत असताना तिची एकापाठोपाठ एक छायाचित्रं घेतली. काही न धरता ती हवेत वळते आणि चारी पायांवर येते, हे त्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होतं, आणि तेव्हाचे मोठमोठे विद्वान चक्रावून गेले, कारण नियम मोडल्यासारखा वाटत होता. नियम मोडलेला नव्हता. मांजर कंबरेत वाकते आणि पुढचं अंग व मागचं अंग वेगवेगळं फिरवते. मुलीची युक्ती थोडी निराळी असते, कारण तिच्याकडे आधीच कोलांटीचं फिरणं असतं. ती एक हात वर आणि एक खाली झटकते, त्यानं शरीर किंचित तिरकं होतं, आणि कोलांटीच्या फिरण्याचाच एक वाटा पिळात जातो. पीळ थांबवायचा तेव्हा हात उलटे फिरवून शरीर परत सरळ करायचं. हे सगळं एका सेकंदाच्या आत, डोकं खाली असताना.

म्हणून २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाईल्सनं माघार घेतली तेव्हा ज्यांना हा खेळ कळतो त्यांनी तिला बोल लावला नाही. व्हॉल्टवर अडीच पिळांच्या जागी तिचे दीडच झाले होते. हवेत असताना आपण कुठं आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. खेळाडूंमध्ये या अवस्थेला नाव आहे, ट्विस्टीज. कान, डोळे आणि मेंदूतला सराव यांची गाठ सुटते. त्या अवस्थेत उडी घेणं म्हणजे डोक्यावर पडण्याची तयारी. आठवड्यानं ती बीमवर परतली, उतरताना पीळ नसलेली उडी घेतली आणि कांस्यपदक मिळवलं. माझ्या मते त्या स्पर्धेतली ती सर्वांत मोठी कामगिरी होती.

गुणांबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन आकडे असतात. एक काठिण्याचा, जो शून्यापासून वर चढतो. दुसरा सफाईचा, जो १० पासून खाली उतरतो. दोन्हींची बेरीज म्हणजे गुण. ही पद्धत २००६ पासून आली. त्याआधी सर्वोच्च गुण १० असत, आणि ते कुणालाही मिळणार नाहीत असं एके काळी मानलं जाई. १९७६ मध्ये मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची दांड्यांवर उतरली आणि फलकावर १.०० असा आकडा उमटला. फलक तयार करताना १०.०० दाखवायची सोयच ठेवलेली नव्हती. तेव्हापासून पन्नास वर्षं होत आली, तरी तो चुकीचा आकडाच या खेळातला सर्वांत प्रसिद्ध आकडा आहे.

आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध आकडा १५.०६६. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरनं २०१६ मध्ये रिओत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत मिळवला. ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. लहानपणी तिचे तळवे सपाट होते, जो या खेळात मोठा अडसर मानतात. हातावरून उसळी घेऊन हवेत पुढे दोन कोलांट्या घेणारा प्रोदुनोव्हा हा व्हॉल्ट तिनं केला. जगात फार थोड्या बायकांनी तो स्पर्धेत केला आहे. ती चौथी आली. कांस्यपदक ०.१५० नं हुकलं. उतरताना एक लहान पाऊल सरकलं की ०.१ जातो, एवढं लक्षात घेतलं की ते अंतर किती होतं ते कळतं.

आमची लेक १९ मुलींत १३वी आली. बीमवर सफाईच्या १० पैकी तिच्याकडे ६.८ उरले. घरी परतताना बसमध्ये तिनं मला विचारलं, गिरकीनंतर ती डगमगली होती ते वरून दिसलं का? पडल्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. मी म्हटलं, दिसलं, आणि फार चांगलं सावरलंस. ती म्हणाली, "ते कंबरेनं सावरलं गं. घोट्यानं सावरायला हवं होतं." मग ती अप्पांच्या खांद्यावर झोपून गेली. घरातली चिकटपट्टी अजून आहे. तिच्या कडा आता काळ्या पडल्यात, पण कुणी काढत नाही.

त्या दिवशी आमच्या स्पर्धेला तिकीट नव्हतं आणि प्रेक्षकांत मुलींच्या घरच्यांशिवाय कुणी नव्हतं. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. तुमच्या जिल्ह्यात अशी स्पर्धा असेल तर जाऊन बसा, ओळखीचं कुणी खेळत नसलं तरी. बीमच्या टोकाच्या बाजूची जागा घ्या, म्हणजे तो लांबीनं तुमच्याकडे येताना दिसेल आणि डावी-उजवीकडचं हलणं स्पष्ट कळेल. मुलगी वर चढली की चेहऱ्याकडे पाहू नका. तिच्या घोट्याकडे बघा.